वाटेत कुठेही न जेवता

गेल्या फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, शारजाच्या वेळेनुसार सकाळी सव्वादहा वाजता, आमच्या घरी साडेचौदा वर्षं राहिलेली बाई फिलिपिन्समधल्या तिच्या बेटावर वारली. मूत्रपिंडं निकामी झाली होती. वय त्रेपन्न. तिच्या धाकट्या भावाचा मेसेज मला बाराच्या सुमारास मिळाला. मुलीला तो आधीच मिळाला होता.

मूल सांभाळणाऱ्या बाईला फिलिपिन्समध्ये ‘याया’ म्हणतात. आमच्या घरात तिला दुसरं नाव उरलं नव्हतं. ती आली तेव्हा मुलगी दीड वर्षाची होती. गेली तेव्हा सोळा. मी दुबईतल्या एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते, दुपारी तीनला घरून निघायचे. नवरा फुजैराच्या बंदरावर, आठवड्यातले पाच दिवस तिकडेच. अल मजाजच्या तेराव्या मजल्यावरच्या घरात संध्याकाळी मुलीला जेवू घालणारं माणूस एकच होतं.

ते काम सोपं नव्हतं. मुलगी घास गालात धरून बसायची. याया तिला राजा-राणीच्या गोष्टी सांगत नसे. ती तिला आपल्या बेटावरच्या खाणावळी सांगायची. शारजात शिकलेल्या हिंदीत.

“यल्ला इन्दाय, एक और. ये पुल के पास वाला. उधर फिश कच्चा देता, सिरका और नारियल डाल के.”

“छी! कच्चा?”

“छी नहीं. तुम खाएगा तो प्लेट चाटेगा. ये खलास करो, फिर नेक्स्ट दुकान.”

यल्ला म्हणजे अरबीत चल, इन्दाय म्हणजे तिच्या भाषेत पोरी. एका जेवणात साधारण दोन खाणावळी होत. मुलीने चौथीत असताना त्या शाळेच्या पिवळ्या वहीत लिहून काढल्या. बेट म्हणजे एक वेडावाकडा गोल, त्याच्या कडेने एकच रस्ता, रस्त्यावर सात फुल्या. प्रत्येक फुलीशी काय खायचं ते. तिसऱ्या फुलीपुढे लिहिलं होतं, ‘इथे काकी ओरडते, पण वाढते जास्त.’ मुलगी ग्रॅज्युएट झाली की दोघींनी मिळून सातही ठिकाणी जेवायचं, असं ठरलं होतं. मला हे ठरल्याचं बरंच नंतर कळलं.

याया परत गेली तेव्हा विमानतळावर मी हजर होते. सुरक्षा तपासणीच्या रांगेआधी तिने मुलीचे दोन्ही गाल धरले आणि म्हणाली, “आय कम बॅक, इन्दाय. प्रॉमिस.” मुलीने ‘कधी’ विचारलं. याया म्हणाली, “जल्दी, इन्शाल्ला.” दुसऱ्याच वर्षी तिचं डायलिसिस सुरू झालं. ती आली नाही.

आणखी एक गोष्ट इथेच लिहायला हवी.

मुलगी आठ वर्षांची असताना यायाची आई वारली. तिने आठ दिवसांची सुट्टी मागितली. तो निवडणुकीच्या निकालांचा आठवडा होता. मला रजा नव्हती, नवऱ्याला बंदरावरून निघता येत नव्हतं. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात जा. ती “ओके मॅम” म्हणाली. त्या आठवड्यात पाळीवरून परतल्यावर मला ओट्यावर झाकलेलं ताट दिसलं. भात, तळलेला मासा, थोडी उसळ. माझ्यासाठी ती नेहमीच ताट झाकून ठेवायची. मी जेवले. दुसऱ्या दिवशी जेवले, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मुलीने मला विचारलं, “आई, यायाच्या मम्मीचं जेवण तू का खातेस?”

त्यांच्याकडे माणूस गेल्यावर नऊ दिवस प्रार्थना चालते आणि त्याच्या नावाने ताट मांडून ठेवतात. माझं ताट फ्रिजमध्ये होतं. पितरांसाठी वाढलेलं पान मी तीन दिवस जेवले होते. यायाला मी सॉरी म्हटलं. ती म्हणाली, “नो प्रॉब्लेम मॅम, माय मदर लाइक गेस्ट.” चौथ्या दिवसापासून ताट ओट्यावर नव्हतं. ते तिच्या खोलीत असायचं.

मेसेज आला त्या मंगळवारी मुलगी दुबई मरीनातल्या तिच्या ऑफिसातून थेट घरी आली. आता ती बावीस वर्षांची आहे. “मी जाणार,” ती म्हणाली. मी म्हटलं, मीही येते. तिने माझ्याकडे पाहिलं. “तुला लीव्ह मिळेल?” मुलगी घरात बहुतेक इंग्रजीत बोलते; तिची वाक्यं मी मराठीत लिहिते आहे. हे वाक्य मात्र तिने मराठीतच म्हटलं होतं, ‘लीव्ह’ सोडून.

रजा मिळाली. नवरा म्हणाला, “तीन दिवसांत जाऊन परत? अगं, नीट खाल-प्याल तरी कधी?” मुलीने पिवळी वही त्याला दाखवली. “सगळं ठरलंय, बाबा.”

शनिवारी दुपारी आम्ही बोटीतून बेटावर उतरलो. छोटं बेट, मधोमध ज्वालामुखीचे डोंगर, वरती ढग. यायाचा भाऊ धक्क्यावर उभा होता. त्याची स्वतःची मोटरेला आहे, म्हणजे मोटरसायकलला जोडलेली सहा-सात माणसांची रिक्षा. चेहरा तिचाच, फक्त मिशा. मुलगी दोन पावलं मागे सरकली, मग पुढे जाऊन त्याच्या गळ्यात पडली.

शव अजून घरातच होतं; तिकडे औषधं भरून ते दफनापर्यंत घरातच ठेवतात. पुढच्या खोलीत पांढरी पेटी, वर काच, बाजूला दिवे. अंगणात ताडपत्रीखाली टेबलं मांडली होती आणि पन्नासेक माणसं जेवत होती. पत्ते खेळणारे होते, हसणारेही होते. एका शेजारणीने माझ्या हातात ताटली दिली. “मांगाऊन ता, मॅम.” चला जेवू या.

मी नको म्हटलं. घरात शव असताना चूल पेटत नाही, तिथे कुणी पाणीसुद्धा मागत नाही, हे माझ्यात इतकं भिनलेलं होतं की मला विचारही करावा लागला नाही. शेजारणीने तीनदा आग्रह केला, मी तीनदा हात जोडले. पोट बरं नाही, असं खोटं सांगितलं. तिने लगेच आलं घालून पाणी उकळून आणलं. तेही मी तोंडाला लावून खाली ठेवलं. बायका एकमेकींशी काही बोलल्या. भाऊ मला म्हणाला, “त्यांना वाटतंय, तुम्ही रागावला आहात.”

मुलगी पेटीजवळ वीस मिनिटं उभी होती. मग अंगणात येऊन तिने दोनदा वाढून घेतलं. कोंबडीचा रस्सा, नारळाच्या दुधातला, हळदीचा. शेजारीण खूश झाली. “ही बघा, आमची मुलगी! तुमची नाही, मॅम.” सगळे हसले.

परतायला निघालेल्या एका कुटुंबाला भावाने हाक मारून काही सांगितलं. मुलीने विचारलं, काय सांगितलं?

“सरळ घरी जाऊ नका, म्हटलं. पागपाग.” त्याने अंगावरची धूळ झटकल्यासारखं केलं. “मयताच्या घरून निघालं की आधी कुठेतरी थांबायचं, काहीतरी खायचं. मग मेलेला माणूस तिथेच रेंगाळतो, तुमच्या घरी येत नाही. आमच्या बेकरीवाल्याचा अर्धा धंदा यावर चालतो.”

“अर्धा नाही, सगळा,” शेजारीण म्हणाली. “एरवी त्याचे पाव कोण खाईल?”

“आणि नाही थांबलं तर?” मुलीने विचारलं.

“तर ती तुझ्याबरोबर येईल.”

“शारजापर्यंत?”

“तिला काय तिकीट लागतंय?”

मुलगी हसली नाही. तिने बातमीदारासारखे एकामागून एक प्रश्न विचारले. बोटीसाठी थांबावं लागलं तर? विमान बदललं तर? भाऊ गमतीत उत्तरं देत राहिला. नुसतं थांबणं मोजत नाहीत. पोटात काही गेलं तर मोजतात. पाणी? पाणी चालतं, पाणी म्हणजे खाणं नव्हे. हा संवाद माझ्यासमोर झाला आणि मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

रविवारी सकाळी नऊ वाजता दफन झालं. दफनभूमी समुद्राकडे उतरणाऱ्या उतारावर आहे. तिथून परतताना सगळे बेकरीपाशी थांबले. गोड सारणाचे मऊ पाव ट्रेमधून बाहेर येत होते. मी एक घेतला. बेटावरचा माझा पहिला घास. चांगला होता. मुलगी रस्त्याच्या पलीकडे, उन्हात उभी होती. मी पाव तिच्याकडे घेऊन गेले.

“नको.”

“रडून झालं की खा.”

“मी रडत नाहीये, आई. मी थांबत नाहीये.”

तेव्हा मला कळलं.

बोट चार वाजता होती. मधले सहा तास आम्ही वहीसाठी राखून ठेवले होते. बेटाला वळसा घालणारा रस्ता, सात फुल्या. मला वाटलं, आता ते रद्द. मुलगी म्हणाली, “का? जाऊ या ना. तू जेव. आम्ही बाहेर बसतो.” तिने ‘आम्ही’ म्हटलं. भावाने आरशातून मागे पाहिलं आणि गाडी सुरू केली.

पुलाजवळची खाणावळ पुलाजवळच होती. टेबलावर अ‍ॅल्युमिनियमची पातेली मांडलेली, झाकण उचलून बघायचं आणि बोट दाखवायचं. कच्चा मासा सिरक्यात, वर नारळाचं दूध, आलं, कांदा. वहीतली नोंद अचूक होती. बाईने दोन ताटल्या मांडल्या. एक मी परत केली.

दुसरी खाणावळ राहिली नव्हती, तिथे मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. तिसरी चर्चच्या मागे. ओरडणारी काकी वारली होती, तिची सून ओरडत होती. तिथे मला मुगाची आमटी आणि कोंबडीच्या रश्श्यात शेवग्याचा पाला मिळाला. कोकणातल्या कुठल्याही घरात खपला असता असा. सून बाहेर डोकावून म्हणाली, “ती पोर का बसलीये तिथे? आजारी आहे?” आणि वाटी भरून गाडीकडे निघाली. मी खिडकीतून पाहिलं. मुलगी उठून उभी राहिली, दोन्ही हातांनी वाटी घेतली, वास घेतला, शेजारच्या रिकाम्या जागेकडे जरा झुकवली आणि परत दिली. सून आत आली तेव्हा ओरडत नव्हती.

मी जेवत होते. प्रत्येक ठिकाणी थोडं, पण जेवत होते. वहीतली नोंद पडताळायची तर चाखायला हवं, असं मी स्वतःला सांगत होते.

चौथी खाणावळ समुद्राकाठी होती. समोर पाण्यात मोठा क्रूस उभा आहे. फार पूर्वी ज्वालामुखी फुटला तेव्हा गावाची दफनभूमी समुद्राखाली गेली. त्याची ती खूण. भाऊ आत येऊन माझ्यासमोर बसला. बाहेर मुलगी गाडीत, पाय वर घेऊन, पाण्याकडे पाहत होती. ओठ हलत होते.

“मॅम, तिला काहीतरी खायला घाला.”

“मी सांगून बघितलं.”

“बेकरीपाशी मला वाटलं, लहान आहे, करू दे. पण ती खरंच नेतेय तिला.” त्याने टेबलावरचा मिठाचा डबा सरळ केला. “आई गेली तेव्हा ताई आली नाही. माझी आई दारात खुर्ची टाकून तिची वाट बघत गेली. साडेचौदा वर्षं ती तुमच्याकडे होती, मॅम. आमच्याकडे सहा. त्यातली पाच आजारात. आता तरी राहू द्या.”

सुट्टी का मिळाली नव्हती हे त्याला माहीत होतं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

मी बाहेर गेले आणि मुलीला तो काय म्हणाला ते शब्दशः सांगितलं. तिने ऐकून घेतलं. “तिने मला प्रॉमिस केलं होतं,” ती म्हणाली. “त्याला नाही.”

“तो तिचा भाऊ आहे.”

“मग मी कोण आहे?”

उरलेल्या तीनपैकी दोन ठिकाणी मी जेवले. सातवी रविवारी बंद असते, हे वहीत नव्हतं. धक्क्यावर भावाने मुलीच्या हातात केळीच्या पानात गुंडाळलेला चिकट भात दिला. तिने तो घेतला, त्याच्या पायांना हात लावला. त्याला त्याचा अर्थ कळला नसावा. तो घाईने मागे झाला. बोट सुटल्यावर तिने पुडी माझ्या मांडीवर ठेवली. “तू खा.”

बोट, बस, विमान, मनिला, दुसरं विमान. ती पाणी पीत होती. मनिलाच्या विमानतळावर तिला चक्कर आली, ती खाली बसली आणि स्वतःच उठली. दुबईच्या विमानात ट्रे आला तेव्हा तिने हवाईसुंदरीला सांगितलं, “मी घरी जाऊन जेवणार आहे.” चार तासांनी तिच्या ओठांना चिरा पडल्या होत्या, हात गार होता. डोळे मिटून तिने पाणी मागितलं. माझ्या पर्समध्ये जुलाबावर देतात ती मीठ-साखरेची पुडी होती; प्रवासात मी नेहमी ठेवते. ती मी फाडली आणि तिच्या बाटलीत रिकामी केली. तिने अर्धी बाटली प्यायली. चवीबद्दल ती काही बोलली नाही.

तिची तब्येत हे कारण होतं. समुद्राकाठी भाऊ जे बोलला तेही माझ्या डोक्यात होतं. दोन्ही गोष्टी नोंदवते आहे; कुठली आधी, हे सांगता येणार नाही. साखर म्हणजे खाणं होतं की पाणी, हे विचारायला तिथे कुणी नव्हतं.

सोमवारी पहाटे पाचच्या पुढे आम्ही दुबईला उतरलो. टॅक्सीत पेशावरचा ड्रायव्हर म्हणाला, “बाजी, रास्ते में कड़क चाय?” मुलगी म्हणाली, “नहीं भाई, सीधा घर. कहीं रोकना मत.” शारजाचे सिग्नल एकामागून एक हिरवे मिळाले. ड्रायव्हरला त्याचं नवल वाटलं. त्याने दोनदा बोलून दाखवलं.

आमच्या मजल्याच्या कॉरिडॉरला खिडकी नाही. दिवा सेन्सरवर आहे. कुणी हललं की लागतो, हालचाल थांबली की मिनिटाभरात जातो. मुलगी उंबऱ्यात उभी राहिली आणि तिने दार उघडं धरून ठेवलं. नवरा आतून म्हणाला, “अगं, एसीची सगळी हवा बाहेर चाललीये. लाव की दार.” ती म्हणाली, “बाबा, एक मिनिट.”

त्याने मऊभात केला होता, वर तूप आणि मेतकूट. यायाच्या बेटावर अशा भाताला लुगाव म्हणतात. मुलीच्या प्रत्येक तापात घरात तोच व्हायचा. तो वाढायला मी स्वयंपाकघरात गेले. तिथून दार दिसतं, कॉरिडॉर दिसत नाही. बाहेरचा दिवा गेलेला मला दिसला, कारण मुलीच्या पायाशी पडलेला उजेड गेला. ती हलली नाही. नंतर ती एका बाजूला सरकली, एखाद्याला आत यायला वाट द्यावी तशी, आणि हळू आवाजात काही बोलली. मग तिने दार लावलं.

मधल्या वेळात बाहेरचा दिवा पुन्हा लागला होता की नाही, हे मी पाहिलं नाही. मी तेव्हा पातेल्याकडे वळले होते. नवऱ्याने पाहिलं नाही. मुलीला मी विचारलेलं नाही.

घड्याळात सात वाजून दहा मिनिटं झाली होती. मुलीने दोनदा भात घेतला. जेवून झाल्यावर तिने आणखी एक ताट वाढलं, त्यावर दुसरं ताट झाकलं आणि ओट्यावर ठेवलं. “आई, हे तुझं नाही,” ती म्हणाली.

मी हो म्हटलं. मीठ-साखरेच्या पुडीचं फाडलेलं पाकीट माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात आहे.